दोघांचे भांडण, पण लाभ कोणा तिसऱ्याचा?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी अमेरिका आणि चीन यांच्या भांडणावर बोलणार आहे. आणे पठारावरचा नाहीतर लोणी-धामणीकडचा कोरडवाहू ज्वारीवाला म्हणेल, आमचा काय संबंध? मराठवाड्यातून आलेले कापूसवाले भाऊही समोर बसले आहेत, त्यांच्याही मनात तेच असेल. संबंध आहे, आणि तो थेट पट्टीवरच्या आकड्याशी आहे.

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, अशी आपली जुनी म्हण आहे. मोठी राष्ट्रे एकमेकांच्या मालावर जकात लावू लागली की शहाणी माणसे हीच म्हण ऐकवतात. आता भारताचे फावणार, म्हणतात. म्हण खोटी नाही. प्रश्न इतकाच आहे की, तो तिसरा कोण?

नाणेघाटाची साक्ष

हे भांडण आपल्या भागाला नवे नाही. पैठणहून जुन्नर, जुन्नरहून नाणेघाट आणि घाट उतरून कल्याण बंदर, असा सातवाहनांच्या काळी व्यापाराचा रस्ता होता. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण तुम्ही पाहिला आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. त्या काळी दोन सत्ता एकमेकांशी झुंजत होत्या. इकडे सातवाहन आणि तिकडे क्षत्रप. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्यात तो सांगतो की कल्याण बंदराचा व्यापार अडवला आहे. तिथे ग्रीक जहाज आलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाते. तगर म्हणजे आपले तेर. तिथले सुती कापडही गाड्यांवर लादून दूर भडोचलाच जात होते.

पुढे जुन्नरही क्षत्रपांच्या हाती गेले. नहपानाचा अमात्य अयम याचा शिलालेख मानमोडीच्या लेण्यांत आहे. नंतर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि नहपानाच्याच नाण्यांवर आपला शिक्का मारला. अशी हजारो नाणी १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला सापडली. शिक्के बदलले, बंदरे उघडली आणि मिटली. ज्याने कापूस पिकवला, सूत काढले, त्याला कोणी विचारले का? बंदराच्या दाराची किल्ली त्याच्या हातात तेव्हाही नव्हती.

तेजी आली आणि गेली

दुसरा दाखला १८६१ चा. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. मुंबईत कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला. पुणे जिल्ह्यात तेव्हाही कापूस थोडाच होता, पण गाडीभाडे वाढले, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळू लागली, धान्याचे भाव चढले, आणि सावकाराने हात सैल सोडला. १८६५ साली युद्ध संपले. भाव कोसळला. मुंबईत कंपन्या आणि बँका बुडाल्या, त्यांची नावे इतिहासात आली. कर्ज मात्र शेतकऱ्याच्या बोकांडी राहिले, वर सरकारी साऱ्याची वाढ. १२ मे १८७५ रोजी आपल्याच जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. १८७९ चा शेतकरी कायदा त्यातून निघाला.

यातला धडा सरळ आहे. दुसऱ्याच्या भांडणाने आलेली तेजी दुसऱ्याच्या समेटाबरोबर जाते. तिच्या भरवशावर काढलेले कर्ज जात नाही.

ज्वारीवरही युद्ध होते

आता अलीकडचे पाहू. एप्रिल २०१८ मध्ये चीनने अमेरिकेच्या ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत शुल्क लावले. तिकडची ज्वारी चीनमध्ये जनावरांच्या खाद्याला आणि दारूला जाते. जहाजे समुद्रात होती, ती वाटेतूनच वळवावी लागली. महिनाभरात, मे महिन्यात, चीनने ते शुल्क उठवले. जुलैत पुन्हा भांडण पेटले आणि सोयाबीन, कापूस, ज्वारी या सगळ्यांवर २५ टक्के जादा शुल्क बसले.

अमेरिकेच्या सरकारने मग काय केले? शेतकऱ्यांसाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. ज्वारीला बुशेलमागे ८६ सेंट. म्हणजे आपल्या मापाने, तेव्हाच्या रुपयाच्या भावाने, क्विंटलमागे सव्वादोनशे-अडीचशे रुपये. भांडण सरकारने काढले, भरपाईही सरकारने केली. सगळे नुकसान भरून निघाले असे मी म्हणत नाही. पण आमच्यामुळे तुझा भाव पडला, एवढे तरी तिथल्या सरकारने कबूल केले.

आपली मालदांडी काही चीनला जात नाही, मग आपल्याला काय? ऐका. चीन घेत नाही तो माल अमेरिकेच्या कोठारात बसून राहत नाही, दुसरे गिऱ्हाईक शोधतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे व्यापारमंत्री हॉवर्ड लटनिक यांनी उघड तक्रार केली की भारत आमचा मका घेत नाही. मका आला तर तो कोंबडीखाद्यात जाईल. खरिपाची ज्वारीही तिथेच जाते. मक्याचा भाव पडला की ज्वारीचा पडणार.

शिक्षा कापडाला, भरणा कापसाचा

आता कापसाचे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर आधी २५ टक्के जकात लावली. मग भारत रशियाचे तेल घेतो म्हणून आणखी २५ टक्के. २७ ऑगस्टपासून एकूण ५०. कापड आणि तयार कपड्यांच्या कारखानदारांना तो मोठा फटका होता, हे मान्य. तिथे राबणारी माणसेही आपलीच आहेत. पण त्यांना दिलासा कसा दिला? १९ ऑगस्टला परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत.

तारखा नीट पाहा. पेरणी जून-जुलैत झाली होती. बियाणे, खत, फवारणी, सगळा खर्च मातीत गेला होता. वेचणी दसरा-दिवाळीला सुरू होते. ज्या महिन्यांत आपला कापूस बाजारात येतो, नेमके त्याच महिन्यांत दार उघडे ठेवले.

याचा हिशेब सोपा आहे. परदेशी रुई बंदरात १०० रुपयांना पडते असे धरा. ११ टक्के शुल्क असेल तर गिरणीला ती १११ ला पडते, म्हणून आपल्या रुईला ती १११ पर्यंत मोजायला तयार होते. शुल्क उठले की बोली १०० पासून खाली सुरू होते. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. पण हमीभाव केंद्रावर मिळतो आणि ओलाव्याच्या अटीत बसला तरच. ज्याला दिवाळीला पैसे हवेत, तो खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो.

म्हणजे तेल रशियाचे, राग अमेरिकेचा, शिक्षा कापडाला आणि भरणा यवतमाळ-परभणीच्या कापूसवाल्याचा!

उलट दिशेनेही हेच होते. मार्च २०१२ मध्ये चीन आपला कापूस भराभर घेत होता, तेव्हा सरकारने एकाएकी निर्यातबंदी केली. ओरड झाल्यावर काही दिवसांत ती मागे घेतली. जुन्नर-आंबेगावच्या कांदेवाल्यांना तर वेगळे सांगायलाच नको. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद, ४ मे २०२४ ला सुरू, तीही ४० टक्के शुल्कासह. शुल्क पुरते गेले १ एप्रिल २०२५ ला. तोवर किती चाळी रिकाम्या झाल्या, ते तुम्ही जाणता.

मग करायचे काय?

कृषी महाविद्यालयात मला वाण शिकवले, खते शिकवली, किडी शिकवल्या. एका रात्रीत निघालेली अधिसूचना बोंडअळीइतके नुकसान करते, हे मात्र कोणत्याही पुस्तकात नव्हते. किडीवर फवारणी असते, अधिसूचनेवर संघटना हीच फवारणी.

व्यापार बंद करा, असे मी म्हणत नाही. दारे उघडी असणे आपल्या हिताचेच आहे. पण ती कधी उघडणार, कधी मिटणार, हे पेरणीआधी कळले पाहिजे. म्हणून आजच्या बैठकीपुढे तीन मागण्या ठेवतो.

एक, कापूस, ज्वारी, मका, कांदा यांचे आयात-निर्यात शुल्क दरवर्षी ३१ मेपूर्वी जाहीर करावे आणि त्या हंगामाचा माल विकून होईपर्यंत बदलू नये.

दोन, परराष्ट्रांच्या भांडणापायी मध्येच बदलावेच लागले, तर गिरणीला दिलासा तिजोरीतून द्यावा, शेतकऱ्याच्या भावातून नव्हे. भावातला फरक क्विंटलमागे खात्यावर जमा करावा.

तीन, कोणत्याही देशाशी करार करताना त्यात शेतमालाचे काय ठरते आहे, ते सही होण्याआधी शेतकऱ्यांपुढे ठेवावे.

आपल्या हातातलेही थोडे आहे. चीन घेणार, अमेरिका घेणार, अशा बातमीवर कापसाचा पेरा वाढवू नका, कर्ज तर मुळीच वाढवू नका. ज्वारी खळ्यावरून थेट काट्यावर नेऊ नका. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना आहे. आपल्या समितीत ती चालू आहे का ते विचारा, नसेल तर चालू करायला लावा. दोन महिने थांबण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, त्यालाच भांडणातला लाभ होतो. आजवर ती ताकद व्यापाऱ्याकडे आणि गिरणीकडे होती, म्हणून म्हणीतला तिसरा तोच ठरला.

ठरावाच्या प्रती दाराजवळ ठेवल्या आहेत. प्रत्येक गावाने एक न्यावी, चावडीवर मोठ्याने वाचावी, सह्या घ्याव्यात आणि पेरणीआधी तहसीलदारांकडे पोच घेऊन द्यावी. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.