खेळ नवा, कार्ड जुनें

गेल्या दिवाळींत माझ्या नातवानें मजपुढें एक तक्रार मांडली. त्याच्या संगणकांत २०१७ सालचें ‘जीटीएक्स १०८० टीआय’ हें ग्राफिक्स कार्ड आहे. स्मृति ११ जीबी. परंतु डिसेंबर २०२४ मध्यें निघालेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा खेळ त्यावर चालेना. उलट २०१९ सालचें, अवघ्या ८ जीबींचें ‘आरटीएक्स २०६० सुपर’ त्या खेळाच्या किमान अटींत बसतें!

मास्तरकीच्या संवयीनें मीं ही उत्तरपत्रिका पुन्हा तपासली. पूर्वीच्या खेळांत भिंतींवरील उजेड व सावल्या बव्हंशीं आगाऊ रंगवून ठेवीत. या खेळांत प्रकाशकिरण कोठें आपटतो, कसा परततो, याचें गणित खेळ चालूं असतांनाच करावें लागतें; आणि त्याकरितां निराळीं विद्युत्-मंडलें कार्डांतच असावीं लागतात. तीं जुन्या कार्डांत नाहींत. मग चित्र लहान करून किंवा रॅम वाढवून काय उपयोग?

आगाऊ रंगकामाचे श्रम निर्मात्यांचे वाचले, खर्च मात्र गिऱ्हाइकाच्या माथीं आला, हें मला खटकतें. २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ हि तींच मंडलें मागतो.

खेळाच्या अटी वाचल्यावांचून, व वीजपुरवठ्याच्या पेटीचे वॉट पाहिल्यावांचून नवें कार्ड घ्यावयाचें नाहीं, असें आमचें ठरलें आहे. निम्मे पैसे माझ्या पेन्शनींतले, निम्मे त्यानें साठवावयाचे. तोंवर जुने खेळ जुन्या कार्डावर झकास चालले आहेत.