जलरंगातील दीप : चित्रकार सावळाराम हळदणकर

लोणावळ्याहून पुण्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर, कार्ले आणि भाजे या लेण्यांच्या मधोमध, मळवली हे मावळातील लहानसे स्टेशन लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईस काढलेला शिळाछापखाना १८९९ साली येथे हलविण्यात आला. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड, आणि एकावर एक ठसे उमटून पुरे होणारे चित्र, अशी तेथील रीत. या छापखान्यातील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर चढल्या आणि ‘रविवर्मा’ हे नाव सुंदर चित्राला जणू पर्यायच होऊन बसले.

या लौकिकाची झळ मात्र एका अगदी निराळ्या कलावंताला लागली. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे एक चित्र आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या इंग्रजी नावाने ते प्रसिद्ध आहे. पाहणारे पुष्कळदा ते रविवर्म्यांचे समजतात. वस्तुतः रविवर्मा १९०६ सालीच निवर्तले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे, आणि तेही तैलरंगातील नव्हे. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे जलरंगचित्र होय.

हळदणकरांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीस झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतल्यावर १९०८ साली त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली. १९१८ साली निघालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही ते होते. तैलरंगातही त्यांचा हात सराईत होता. परंतु त्यांचे खरे प्रभुत्व जलरंगावर.

शुद्ध जलरंगात पांढरा रंग कागदच पुरवितो. जेथे उजेड दाखवावयाचा, तो भाग आधीपासून राखून ठेवावा लागतो. एकदा काळवंडला की तो सहसा पुन्हा उजळत नाही. तैलचित्रकार चुकल्यास वरून दुसरा हात देऊ शकतो. ती सवलत येथे नाही. म्हणूनच या दीपधारिणीचे मोल मोठे. आपल्या कन्येलाच समोर उभी करून हळदणकरांनी ती रंगविली. तळहाताने राखलेली ज्योत, बोटांच्या कडांतून पाझरणारी तांबूस प्रभा, मुखावर चढत गेलेला उजेड आणि पाठीमागे दाटलेली छाया, हा सारा खेळ पातळ, पारदर्शक थरांचा आहे.

१९६८ साली हळदणकर वारले. रविवर्म्यांच्या कीर्तीला उसन्या चित्राची गरज नाही. हळदणकरांना मात्र त्यांचे स्वतःचे चित्र परत मिळावयास हवे. आणि हे ऋण फेडण्यास चित्रकाराचे नाव नीट वाचणे एवढेच पुरे आहे.