बोरन्हाणाचा हलव्याचा ड्रेस घरी करताना

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करूया.

आजचा विषय आहे खाऊचे कपडे. रीलवर बघितलं असेल तुम्ही, परदेशात मुलं पार्टीला पिझ्झा बनून जातात, कुणी केळं बनतं. आपल्याला वाटतं, काय भारी आयडिया! अरे, पण आपल्याकडे तर खाऊच अंगावर घालतात. संक्रांतीला नव्या सुनेला आणि घरातल्या बाळाला हलव्याचे दागिने घालतात. म्हणजे साखरेचे दागिने!

मी बोलतोय तळेगाव ढमढेरेतून. दाभाडे नाही हं, ढमढेरे! शिक्रापूरहून न्हावऱ्याकडे जाताना लागतं ते, वेळ नदीच्या काठचं. जानेवारीत आमच्याकडे रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात, थंडी असते आणि घरोघरी बोरन्हाण असतं. यंदा आमच्या वहिनीच्या बाळाचं आहे. आठ महिन्यांचं आहे ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करतात. बाळाला काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, हातात मनगट्या, कमरेला कंबरपट्टा. मुलगा असेल तर हलव्याची बासरी पण. मग पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा, हलवा ओतायचा. आळीतली पोरं ते लुटतात. एरवी सणाला काळं नको म्हणतात, पण संक्रांतीला काळंच. काळा रंग ऊन शोषून घेतो, थंडीत ऊब देतो. आणि त्यावर पांढरा हलवा काय उठून दिसतो!

आता हा काटेरी हलवा होतो कसा? आमची आजी अजून घरी करते. साबुदाणा, तीळ किंवा खसखस परातीत घ्यायची. खाली अगदी मंद आच. साखरेचा पाक चमच्याने थोडा थोडा सोडायचा आणि बोटांनी दाणे सारखे फिरवत राहायचं. पाक सुकला की परत थोडा पाक. असं तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवस. हवा थंड आणि कोरडी असली तरच काटा छान येतो. ढगाळ हवेत दाणा नुसता गुळगुळीत होतो. म्हणून आजी पहाटे बसते. दाण्याला भोक पाडायला गेलं तर तो फुटतो, म्हणून दोऱ्याचा फास टाकून गाठ मारायची. काट्यामुळे गाठ घसरत नाही.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता मुद्द्यावर येऊ.

आठ महिन्यांचं बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं. आणि आपण त्याच्या अंगावर काय बांधतोय? घशात अडकेल एवढ्याच आकाराचे शंभर कडक दाणे! बाळाची श्वासनळी अगदी अरुंद असते. दाढा नसतात, त्यामुळे चावून बारीक करता येत नाही. अख्खे शेंगदाणे तर पाच वर्षांखालच्या मुलांना देऊच नका, असं डॉक्टर सांगतात.

वहिनीने हे काढलं तेव्हा आजी म्हणाली, “अगं, चार पिढ्यांचं बोरन्हाण ह्या घरात झालं. कुणाला काय झालंय का?”

वहिनी म्हणाली, “आजी, तेव्हा दहा बायका बाळाकडे बघत होत्या. आता दहाही जणी मोबाईलमध्ये बघतात.”

आजी काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी शिवणाचा डबा घेऊन बसली. मग आम्ही तिघांनी मिळून जे ठरवलं, ते तुम्हाला सांगतो. लिहून घ्या.

एक. बाळाच्या गळ्यात काही बांधायचं नाही. दोरा ओढला गेला तर फास बसू शकतो. हार झबल्यावरच शिवायचा, मुकुट मऊ टोपीवर. लांबून बघणाऱ्याला फरक कळतसुद्धा नाही.

दोन. हलवा उघडा ठेवायचा नाही. काळ्या सुती कापडाची पट्टी घ्यायची, त्यावर दाणे मांडायचे, वरून बारीक पांढरी नेट घालायची आणि चारी बाजूंनी घट्ट टीप मारायची. दाणे दिसतात, पण सुटत नाहीत. काटे बाळाला टोचतही नाहीत. शिवून झालं की जोरात ओढून बघा. तुमच्या हाताने सुटलं तर बाळाच्या हातानेही सुटेल.

तीन. ग्लू गन नको. गोंदाने चिकटवलेला दाणा लाळेने ओला झाला की निघतो, आणि गोंदासकट तोंडात जातो. मणी, टिकल्या, आरसे पण नकोत.

चार. ड्रेस आदल्या रात्री हवाबंद डब्यात ठेवा. हलव्याला दमट हवा लागली की तो चिकट होतो आणि मुंग्यांना पत्ता लागतो.

पाच. डोक्यावरून ओतायचं ते नुसते चुरमुरे, तेही दोन मुठी. बोरं, शेंगा, करवे, हलवा बाजूच्या परातीत. लुटालूट तिथे, जरा लांब. पोरांना काय, खाऊशी मतलब! कार्यक्रम दहा मिनिटांत उरकायचा, आणि लगेच बाळाचे कपडे बदलून पाट झाडून घ्यायचा.

आणि सहावं, सगळ्यात महत्त्वाचं. एक माणूस बिनफोनचा. त्याचं काम एकच, बाळाच्या हाताकडे आणि तोंडाकडे बघत बसणं. आमच्याकडे ती ड्यूटी माझी आहे. म्हणजे यंदा माझ्या स्टेटसला फोटो नसणार, चालेल!

तरीही काही अडकलंच तर? बाळ जोरात खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्या. पण आवाजच बंद झाला तर थांबू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 थापा मारा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध 5 वेळा दाबा. मग परत थापा. दुसऱ्याने तेवढ्यात 108 ला फोन लावायचा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

आता तुम्ही म्हणाल, मग आजीने पहाटे उठून केलेला तो सुंदर हलवा वाया गेला का? अजिबात नाही. उघड्या हलव्याचे सगळे दागिने वहिनी घालणार आहे. तन्मणी, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा, काळ्या साडीवर पूर्ण सेट. दादासाठी हलव्याचं घड्याळ केलंय, तो आत्तापासूनच लाजतोय. मोठ्यांनी मिरवावं, बाळाने मजेत बसावं.

तुमच्या घरी यंदा बोरन्हाण असेल तर हा भाग आईला, मावशीला, आत्याला ऐकवा. आणि बिनफोनचा माणूस कोण, ते आजच ठरवून टाका. भेटूया पुढच्या भागात. तिळगूळ घ्या, गोड बोला!