जुनी भाषा, नवी भाषा आणि पैशाचा हिशेब



बँकेत पैसे भरले, पासबुकात आकडा उमटला, की आपण घरची वाट धरतो. जगातल्या पुष्कळ मोठ्या बँकांत त्या आकड्यामागे मेनफ्रेम नावाचा थोरला संगणक राबत असतो. त्याला काम सांगायला जुनी भाषा बरी की नवी, हा वाद आहे.

आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टिम ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्या असेंब्लर भाषेत रकमांची बेरीज सांगायला 'एपी' ही दोन अक्षरे पुरत. यंत्राला ती कळत, माणसाचे हाल! शास्त्रज्ञांसाठी १९५७ सालीच फोरट्रान आली होती. १९५९ साली कोबोलची आखणी सुरू झाली, ती व्यापारी हिशेबासाठी. ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाचा तिच्यावर मोठा ठसा आहे. 'ॲड इंटरेस्ट टु बॅलन्स', म्हणजे व्याज शिलकेत मिळव, असं सरळ वाक्य, आणि शेवटी पूर्णविराम.

शिक्षकमंडळींनी या पूर्णविरामाची गंमत ऐकावी. 'शिल्लक कमी असेल तर पत्र पाठव, दंड लाव.' येथे दंड कमी शिलकेवाल्यालाच. पण 'पत्र पाठव' नंतर चुकून टिंब पडलं, की अट तिथंच संपली आणि दंड सरसकट सगळ्यांना! १९८५ च्या सुधारणेत अट कुठे संपते हे सांगायला 'एंड-इफ' आला. आधीचं लिखाण मात्र टिंबांच्याच भरवशावर.

आता पैशाचं बघू. एक तृतीयांश दशांशात लिहू गेलं तर तीनावर तीन येतच राहतात, हे मुलांनाही ठाऊक असतं. संगणकाच्या शून्य-एकच्या लिपीत एक दशांशाची तीच गत होते. म्हणजे दहा पैसेसुद्धा नेमके मांडता येत नाहीत. कोबोलमध्ये रुपयांना पाच घरं, पैशांना दोन घरं, असं आधीच आखून देता येतं आणि हिशेब दशमानातच होतो. आपल्या खतावणीसारखंच म्हणा ना!

१९९५ साली आलेली जावा आता मेनफ्रेमवरही चालते. तिच्यातही नेमक्या दशांशाची सोय आहे, पण ती लिहिणाऱ्याने आठवणीने वापरावी लागते. बाकी जावा शिकलेली माणसं मुबलक, तयार साधनं मुबलक. नवा कार्यक्रम लिहायचा तर मीही तीच घेईन.

पण जुनं बदलायचं म्हटलं की गोष्ट वेगळी. २०२० च्या एप्रिलात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर केलं. करोनामुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला होता आणि राज्याच्या जुन्या यंत्रणांना हात लावणारी माणसं कमी पडत होती. भत्ता थांबला म्हणजे कुणाची तरी चूल थांबली.

अशा लिखाणात नुसती बेरीज-वजाबाकी नसते. कायदा बदलला की एक ओळ वाढली, सवलत आली की दुसरी. ज्यांनी ती घातली ते निवृत्त होतात, आणि कधीकधी तो नियम त्या ओळीखेरीज कुठंच लिहिलेला नसतो. म्हणून शहाणी मंडळी एकाच दिवसाचे व्यवहार जुन्या आणि नव्या, दोन्ही कार्यक्रमांतून काढतात आणि पैशापैशाने ताडून पाहतात. पाच पैशांचा फरक निघाला, की चूक नव्याची की नियमच तसा, हे ठरवायला त्या जुन्या ओळी वाचणारा माणूस शोधत फिरावं लागतं.