इंग्रजी शिकण्यांतील आनंद
(मारुंजी येथें महोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



महोत्सव-समितीनें मला इंग्रजी भाषेच्या अभ्यासाविषयीं चार शब्द बोलावयास सांगितलें आहे. ह्या मारुंजींत इंग्रजीची महती गाण्याचें कारण उरलेलें नाहीं. शेजारीं हिंजवडीचा आयटी पार्क उभा राहिला, शेतांच्या बांधांवर इमारती आल्या, आणि इंग्रजी आली तर नोकरी आली हें पोरासोरांसही कळून चुकलें. परंतु आपण ती शिकतों भिऊन. सावकाराचें देणें फेडावें तशी शिकतों. मुलांची इंग्रजी बिघडेल ह्या धास्तीनें कित्येक घरांतून मराठी हद्दपार झाली आहे. शाळेंतून आलेलें पोर जेव्हां म्हणतें, ‘आई, तुला इंग्रजी येत नाहीं, तूं माझ्या शाळेंत बोलूं नकोस,’ तेव्हां ती माउली पदर सावरून गप्प बसते. आजचें माझें बोलणें मुख्यतः त्या माउलीशीं आहे. जिला मराठी पक्की येते तिलाच इंग्रजीचा आनंद विशेष लाभतो, असें माझें मत आहे.

एक साधा शब्द घ्या. इंग्रजींत ‘यू’ म्हटलें कीं त्यांत आपले तूं, तुम्ही, आपण हे तिन्ही आले. साहेबालाही ‘यू’ आणि कुत्र्यालाही ‘यू’! परंतु प्रभूची प्रार्थना जुन्या इंग्रजी पाठांत म्हणतांना आपण ‘दाय’ म्हणतों, त्याचा अर्थ ‘तुझें’. म्हणजे इंग्रजांच्या भाषेंतही पूर्वीं ‘तूं’ होता. व्यवहारांतून तो बहुतेक नाहींसा झाला आणि प्रार्थनेंत तेवढा राहिला. आपणही आईला व देवाला ‘तूं’च म्हणतों. ज्याच्या घरांत हा शब्द अजून जिवंत आहे त्याला ह्यांतील गोडी चटकन् कळते. इंग्रज मुलाला ती समजावून सांगावी लागते.

तशीच गंमत कोश चाळतांना येते. ‘मोंगूस’ हा शब्द भेटतो, तें तर आपल्याच बांधावरचें मुंगूस! मराठींतून तें इंग्रजींत गेलें. ‘गूस’ ह्या पक्ष्याचें अनेकवचन ‘गीस’ होतें, म्हणून ‘मोंगूस’चें ‘मोंगीस’ करूं जाल तर मात्र फसाल; तें ‘मोंगूसेस’ असें होतें. परक्या घरीं जाऊनही आमच्या मुंगसानें तेथली चाल उचलली नाहीं.

परभाषेचा हा आनंद मनमुराद भोगलेला एक इंग्रजच आपल्या परिचयाचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं तेथेंच वारले. लोकांस समजावें म्हणून ते येथली भाषा शिकले हें खरें. परंतु कामापुरती भाषा शिकणारा मनुष्य सुमारें अकरा हजार ओव्या रचीत बसत नाहीं. १६१६ सालीं छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणांत मराठीचें जें कौतुक आहे, तें भाषेच्या प्रेमांत पडलेल्या विद्यार्थ्याचें आहे.

आतां उलट दिशेनें पाहूं. पंडिता रमाबाई संस्कृतांत पारंगत होत्या. इंग्रजी त्या मागाहून, वयाची विशी उलटल्यावर शिकल्या. १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या, आणि १८८६ सालीं आपल्या आप्त आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान-समारंभासाठीं फिलाडेल्फियास. (आनंदीबाईंना त्यांचे पति गोपाळराव ह्यांनीं इंग्रजी शिकविली, ती वेळप्रसंगीं मारझोड करूनही, हें विसरूं नये, आनंदाचा मार्ग तो नव्हे.) पुढें १८८७ सालीं रमाबाईंनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या हालअपेष्टांवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. अमेरिकन लोकांनीं साहाय्य दिलें, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें. ज्या विधवांचें घरांत कोणी ऐकत नव्हतें, त्यांचें गाऱ्हाणें सातासमुद्रांपलीकडे ऐकलें गेलें.

मला त्याहून थोर वाटतें तें निराळेंच. त्याच १८८९ सालीं त्यांनीं अमेरिकेच्या लोकस्थितीवर व आपल्या प्रवासावर मराठींत पुस्तक प्रसिद्ध केलें. आणि पुढें सबंध बायबल मूळ भाषांवरून मराठींत आणण्यांत वर्षानुवर्षें वेचलीं. बाहेर जें जें मिळालें तें त्यांनीं घरच्या भाषेंत आणून ओतलें.

आतां, माउलींनो, एक बिनखर्ची उपाय सांगतों. मत्तयाच्या तेराव्या अध्यायांतील पेरणाऱ्याचा दाखला आपण मराठींत कितीदां तरी ऐकला आहे. तोच इंग्रजींत पुढें ठेवा. अर्थ ठाऊक असल्यामुळें शब्दागणिक कोश लागणार नाहीं. कोणता शब्द कोणत्या शब्दावर बसतो, एवढेंच शोधावयाचें. पोराला जवळ बसवा. उच्चार त्यानें सांगावा, अर्थ तुम्हीं सांगावा. पेरा, खडकाळ जमीन, काटेरी झुडपें, पांखरांनीं टिपलेलें बीं, हें सारें जिनें शेतांत डोळ्यांनीं पाहिलें आहे तिच्यापाशीं सांगण्यासारखें पुष्कळ असतें. पोराला त्यांचे इंग्रजी शब्द येत असतील, वस्तु त्यानें पाहिलेली नसेल. पहिल्या दिवशीं पांच ओळी झाल्या तरी पुष्कळ झाल्या.