सुट्टीवर जाऊन पुन्हा स्वयंपाकच?

मागच्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत चहाच्या वेळी एक विषय निघाला आणि बैठकीपेक्षा तोच जास्त रंगला. आमच्या गटातल्या एका काकूंना त्यांची पुण्याची लेक साठीनिमित्त थायलंडला नेणार आहे. मोठ्या हॉटेलात राहायचं, नदीतून बोटीनं फिरायचं आणि एक-दोन दिवस थाई स्वयंपाक शिकायचा, असा लेकीचा बेत. काकू म्हणाल्या, "अगं, चाळीस वर्षं चुलीपुढं गेली. आता विमानात बसून जायचं, ते परत कढईपुढंच उभं राहायला?"

सगळ्या हसल्या. पण काकूंचा प्रश्न खरा आहे, म्हणून मी त्यांच्या लेकीबरोबर दोन-तीन संध्याकाळी बसले आणि तो बेत नीट आखला. आज तेच सांगते. तुमच्यापैकी कुणी जाईल, कुणाची मुलगी-सून नेईल, कुणी जाणारही नाही. तरी ऐका.

आधी हा स्वयंपाकाचा वर्ग असतो कसा ते बघू. उत्तर थायलंडात चिआंग माय नावाचं शहर आहे. तिथे असे वर्ग खूप चालतात. सकाळी गाडी हॉटेलवर येते. शिकवणारी बाई, बहुतेक ठिकाणी बाईच असते, आधी बाजारात नेते. ही कच्ची पपई, हा चिकट भात, ही नारळाची खोवणी करणारी यंत्रं, असं हातात देऊन, वास घ्यायला लावून दाखवते. मग शेतावर किंवा तिच्या स्वयंपाकघरात. प्रत्येकीला वेगळी शेगडी, वेगळी कढई. भाज्या धुतलेल्या, मसाले वाटीत काढून ठेवलेले. तुम्ही कुटायचं, परतायचं, चव घ्यायची आणि बसून खायचं. असे पाच-सहा पदार्थ होतात. एक पदार्थ झाला की खरकटी भांडी कुणीतरी उचलून नेतं.

हे ऐकल्यावर काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "मग घासतं कोण?" तिथे मदतीला असलेल्या बायका. काकू गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मग जमेल." मला वाटतं चैन म्हणतात ती हीच. पंचतारांकित हॉटेलात मऊ गादी मिळते, पण घरच्या बाईला खरं अप्रूप असतं ते मनासारखा स्वयंपाक करून ओट्यावरचा पसारा तसाच सोडून उठण्याचं. आणि तो पसारा आवरणारीही बाईच आहे हे लक्षात ठेवून निघताना तिच्या हातावर चार पैसे ठेवावेत.

आता त्या बाजारात आपलं ओळखीचं काय आहे बघा. गवती चहा! आपण पात चहात घालतो, त्या बायका बुडाचा पांढरा कांडा घेऊन बारीक चिरतात आणि वाटणात घालतात. कोथिंबिरीची मुळं आपण उकिरड्यावर टाकतो, त्यांचं वाटण त्या मुळांशिवाय होत नाही. आल्यासारखं दिसणारं पण वेगळ्या वासाचं कोळिंजन असतं. चिंच आहे, नारळाचं दूध आहे, ताडा-माडाचा गूळ आहे. तुळशीच्या जातीतल्या तीन पाल्यांचे ढीग असतात: होराफा, मेंगलाक आणि काफ्राओ. मेंगलाकचं बी ते लोक आपल्या सब्जासारखं भिजवून गोडात घालतात. आणि काफ्राओ म्हणजे चक्क आपली वृंदावनातली तुळस. ती ते मिरची-लसणावर खिम्यासारख्या मांसात परततात. काकू माळकरी आहेत. हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तिथे ताटात बघून धक्का बसला असता. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यांचा देश, त्यांची रीत. माझ्या ताटात नको."

वाटणाची पद्धत मला फार आवडली. तिथे दगडी खलाला क्रोक म्हणतात, बत्त्याला साक. समुद्राकाठच्या आंग सिला या गावचे दगडी खल नावाजलेले आहेत. आधी मिरची आणि मीठ, मग गवती चहा, कोळिंजन, कोथिंबिरीची मुळं असं चिवट ते आधी, आणि लसूण-कांद्यासारखं ओलं शेवटी. पाणी घालायचं नाही. पूर्वी खल कुटण्याच्या आवाजावरून होणारी सून सुगरण आहे की नाही ते पारखत, असं तिकडे सांगतात. (सासवा सगळीकडे सारख्याच.) मग नारळाचं घट्ट दूध कढईत आटवतात, त्याला तेल सुटलं की त्याच तेलात वाटण परततात. वेगळ्या तेलाची फोडणी नाही. मसामान नावाची त्यांची आमटी तर दालचिनी, वेलची, लवंग, धणे, जिरे घालून होते. मुसलमान व्यापाऱ्यांच्या वाटेनं हे मसाले त्यांच्या रश्श्यात आले. तिचा वास आपल्याला परका वाटणार नाही.

माळकरी किंवा शाकाहारी बाईला मात्र तिथे सावध राहावं लागतं. वरून पालेभाजी दिसते, पण आत नाम प्ला म्हणजे माशाचं खारवलेलं पाणी असतं. बाजारच्या तयार वाटणात कापी असते, म्हणजे कोळंबीचं आंबवलेलं वाटण. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही, जिला सोम ताम म्हणतात, सुकट असते. म्हणूनच मी काकूंना म्हटलं, तुमच्यासारखीनं तर वर्ग घ्यावाच. स्वतः कुटलेल्या वाटणात काय पडलं ते स्वतःला माहीत असतं. वर्ग ठरवतानाच "मासा नाही, कोळंबी नाही, अंडं नाही" असं लिहून कळवायचं, ते सोया सॉस आणि मीठ वापरून करू देतात. बाहेर खाताना 'जे' हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. जे म्हणजे मांस-मासा नाहीच, कांदा-लसूणही नाही. फुकेतला याच जेवणाचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, पुष्कळदा आपल्या नवरात्राच्या आसपास.

आता दिवस कधीचे धरायचे? तिथला बरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चच्या सुमारास चिआंग मायकडे शेतं-रानं जाळल्याचा धूर साचतो, एप्रिल भाजून काढतो. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा लॉय क्राथोंग सण असतो, केळीच्या सोपाच्या द्रोणात दिवा-फुलं ठेवून नदीत सोडतात. लेकीला तो बघायचा होता. पण काकूंची कार्तिकी वारी, आणि घरी भाताची कापणी. तेव्हा डिसेंबरचा पहिला पंधरवडा ठरला. भात झोडून झालेलं असतं आणि नाताळात हॉटेलांचे दर चढतात त्याच्या आत परत येता येतं. मार्गशीर्षाचे गुरुवार काकू धरतात, म्हणून वर्ग मंगळवारी आणि बुधवारी ठेवला. लेकीच्या कागदावर हे काहीच नव्हतं. आईची सुट्टी आखायची तर आईचं कॅलेंडर भिंतीवरून काढून समोर ठेवावं.

मुंबईहून बँकॉक सरळ विमानानं साधारण साडेचार तास. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. पहिल्या दिवशी काही ठरवायचं नाही, नुसती विश्रांती. बँकॉकला तीन रात्री, चिआंग मायला तीन. बँकॉकमध्ये साथोर्न रस्त्यावर जुन्या वाड्यासारख्या इमारतीत ब्लू एलिफंट नावाची स्वयंपाकशाळा आहे, चाओ फ्राया नदीकाठच्या ओरिएंटल हॉटेलाचं तर थाई स्वयंपाक शिकवण्याबद्दल जुनं नाव आहे. तिथला थाट वेगळा, दरही वेगळा. चिआंग मायला शेतावरचा दिवसभराचा वर्ग साधारण हजार ते दीड हजार बाटमध्ये होतो. एक बाट म्हणजे अडीच-तीन रुपये धरा. बड्या ठिकाणी याच्या काही पट. माझं मत विचाराल तर एक थाटाचा वर्ग आणि एक शेतावरचा घ्यावा, आणि पैसे कमी पडले तर थाटाचा सोडावा. ठरवण्याआधी दोनच गोष्टी विचारा: एका वर्गात किती माणसं, आणि वाटण आम्ही कुटायचं की तयार डबा उघडणार? तयार डब्याच्या वर्गाला जाऊ नका.

एक गंमत सांगते. चिआंग मायजवळ मे रिमला फोर सीझन्सचं फार महागडं हॉटेल आहे, मधोमध भातखाचरं ठेवलेलं. तिथे पाहुण्यांना चिखलात उतरवून भातलावणी करायला देतात, रेडेही असतात. लोक हौसेनं करतात, फोटो काढतात. आपण भोर-वेल्ह्याच्या बायका आषाढात कंबर मोडेपर्यंत लावणी करतो, त्याचा फोटो कुणी काढत नाही. काकूंना विचारलं, करणार का? म्हणाल्या, "मी काठावर बसून बघेन. कुणाची ओळ वाकडी जाते ते सांगेन."

हसण्यावारी नेऊ नका. त्या वर्गाच्या बिलाकडे बघा. तिथे पाहुणा शिकवण्याचे पैसे देतो, जेवण त्यातच येतं. आपल्याकडे कृषी पर्यटन केंद्रावर पाहुणे येतात, चुलीवरची भाकरी खातात, "ताई, आम्हालाही थापून बघू द्या" म्हणतात, तासभर पीठ सांडतात. आपण हौसेनं शिकवतो आणि बिलात फक्त थाळी लावतो. शिकवण्याचा तास कुठे गेला? काकूंना मी सांगितलंय, तिथे नुसतं शिकू नका, ती बाई शिकवते कशी, आधी काय दाखवते, चुकलं तर काय म्हणते ते बघून या. थायलंडात 2001 पासून ओटॉप ही सरकारी योजना आहे, एका तांबोनला, म्हणजे आपल्या चार-सहा गावांच्या गणाएवढ्या भागाला, एक खास वस्तू. गावच्या गटांची वाटणं, सुकवलेली फळं, विणकाम त्या नावानं दुकानात मिळतं. त्यांची पाकिटं आणा, पदार्थापेक्षा वेष्टनासाठी.

कागदपत्रांचं आजच सुरू करा. पासपोर्टची साधी फी 1500 रुपये. आधार आणि शाळेच्या दाखल्यावर नाव एकसारखं नसेल तर आधी ते दुरुस्त करा, आपल्या बायकांचं घोडं तिथेच अडतं. परतीनंतरही काही काळ चालेल असा, निदान सहा महिने मुदतीचा पासपोर्ट हवा. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआर अशी नोंद येऊ शकते. त्याला घाबरू नका, ती अडचण परदेशी नोकरीला जाताना येते, फिरायला जाताना नाही. मात्र "फिरायला म्हणून चला, तिथे हॉटेलात नोकरी लावून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. थायलंडमार्गे म्यानमारला नेऊन डांबलेल्या मुलांच्या बातम्या आपण ऐकल्यात. व्हिसाचे नियम अलीकडे बरेच बदलले आहेत, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर मुलांना बघायला सांगा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

पैशाबद्दल माझं स्पष्ट मत. गटाच्या अंतर्गत कर्जातून सहल नको. ते पैसे बियाण्याला, शेळीला, दवाखान्याला लागतात. फिरायचं असेल तर चौघी-पाचजणींची वेगळी भिशी लावा. काकूंचं तिकीट-हॉटेल लेक करणार आहे, पण दोन्ही वर्गांचे पैसे काकू स्वतः भरणार. गेल्या उन्हाळ्यातले कुरडया-पापडांचे पैसे त्यांनी पोस्टात ठेवलेत. लेकीनं नको म्हटलं, काकू ऐकल्या नाहीत.

भाषेचं काय, असं एकीनं विचारलं. वर्गात इंग्रजी चालतं, आणि कढई सगळ्यांना कळते. तीन शब्द पाठ करा. मै साय नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी घालू नका. मै फेत, म्हणजे तिखट नको. आणि हे म्हणायची लाज वाटू देऊ नका, त्यांची बारीक मिरची आपल्या लवंगीला भारी आहे. आणि खोप खुन खा, म्हणजे आभारी आहे. तिथल्या बायका आदरानं बोलताना वाक्याच्या शेवटी 'खा' लावतात. दारात हात जोडून "सवाद्दी खा" म्हणतील, निघताना "खोप खुन खा" म्हणतील. तेव्हा दर वेळी ताटाकडे बघू नका, त्या नमस्कार करतायत.