छातीत कळ आली म्हणजे गॅसच नव्हे

आज हप्त्याचं, व्याजाचं काही सांगणार नाही. आज पोरांच्या छातीविषयी बोलायचंय.

मागच्या बैठकीत एका काकूंनी हळूच विचारलं, "गांजानं फुप्फुस फुटतं म्हणत्यात, खरं काय?" बाकीच्या एकदम गप्प. कागलात काय नि खेड्यात काय, कुणाचं पोरगं ओढतंय हे गल्लीला माहीत असतं, बोलत मात्र कुणी नाही.

तर ऐका. काहींच्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पातळ फोड असतात, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तसे. असा फोड फुटला की हवा फुप्फुस आणि बरगड्यांच्या मध्ये शिरते, आणि फुप्फुस दबून आकसतं. उंच, सडपातळ तरुण पोरांत हे जास्त दिसतं. विडी-सिगारेटनं धोका कितीतरी वाढतो, हे पक्कं आहे. गांजा ओढणाऱ्या तरुणांतही डॉक्टरांना हे आढळलंय. त्यात एकट्या गांजाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड, कारण बहुतेक वेळा सोबत तंबाखू असतेच. पण ओढायची रीत बघा. खोल झुरका घ्यायचा आणि धूर आत कोंडून धरायचा. शंकराचा प्रसाद म्हणा नाहीतर आणखी काही, फुप्फुसाला ते कळत नाही.

एका बाजूला अचानक कळ येते, श्वास घेताना टोचतं, धाप लागते. नुसतं बसल्या जागीही होतं. आपण मात्र ओवा देतो, सोडा पाजतो, शेकत बसतो. तसं करू नका. १०८ ला फोन लावा, सरकारी दवाखाना गाठा, नाहीतर कोल्हापूरचं सीपीआर. छातीच्या एक्स-रेत बहुधा कळतं. हवा थोडी असेल तर लक्ष ठेवतात, जास्त असेल तर सुई किंवा नळी घालून काढतात. ओठ निळे पडले, पोरगं घामाघूम झालं, तर एक मिनिटही घालवू नका.

डॉक्टरांनी "काय ओढतोस?" विचारलं, की आईच मध्ये पडते, "माझं पोरगं सुपारीसुद्धा खात नाही!" बाई, त्यांना खरं सांगू दे. हे दुखणं पुन्हा उलटू शकतं, आणि ओढणं चालू राहिलं तर जास्तच.

पोलिसांची भीती वाटते, ठाऊक आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा थोडा माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाऊ शकते, तेवढं ध्यानात ठेवा.

व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट. नंबर लिहून घ्या: १४४४६.